डीस्केलिंग मशीन विकत घ्यावं का भाड्यानंच आणावं? (कोल्हापूर)

पाचगावचा_सोलरवाला

राम राम मंडळी. धागा जरा लांबणार हाय, चहा घेऊनच बसा.

मी सोलर वॉटर हीटरची सर्व्हिस करतो, आठ वर्षं झाली. मी आणि हाताखाली एक पोरगा, दोघंच. पाचगाव, मोरेवाडी, आर. के. नगर, कळंबा ह्या पट्ट्यात गिऱ्हाईक जास्त, आणि ह्या पट्ट्यातलं बोअरचं पाणी म्हंजे काय सांगायचं, बादलीला महिन्याभरात पांढरी कडा धरते. परवा एका अपार्टमेंटला किटनं हार्डनेस, म्हंजे पाण्याचा जडपणा काढला तर लिटरला ४८० मिलिग्रॅम आला. दिवाळी झाली, थंडी पडली की फोन सुरू. "दादा, सोलरचं पाणीच तापंना", "गरम नळाला धार बारीक झाली". जाऊन बघावं तर आत सगळा क्षार.

त्यासाठी ॲसिड फिरवायचं मशीन लागतं, डीस्केलिंग पंप म्हणतात ते. आजवर शाहूपुरीतनं भाड्यानं आणतोय. दिवसाला ८००, डिपॉझिट ५,०००. आता एकानं नवीन मशीनचं कोटेशन दिलंय, ४२,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हंजे ४९,५६०. सरळ भागाकार केला तर ६२ दिवसांचं भाडं झालं. वर्षाला माझी अशी २०-२२ कामं होतात म्हणजे तीन वर्षं वसूल व्हायलाच जाणार.

पण हिशोब तेवढाच नाही हो. मशीन सकाळी आठला पाहिजे असतं आणि दुकान उघडतं दहाला. मग आदल्या संध्याकाळी आणायचं, की झाले दोन दिवस, १,६०० गेले. शिवाय एक हेलपाटा आणायला, एक परत द्यायला. आणि डिसेंबरात फोन केला की "मशीन बाहेर गेलंय, शुक्रवारी बघू". गिऱ्हाईक शुक्रवारपर्यंत थांबतंय व्हय? ते दुसऱ्याला बोलावतं.

घरात बोललो तर बायको म्हणाली भिशी माझी लागणार हाय फेब्रुवारीत, तवर दम धरा. तर अनुभवी लोकांनी इस्कटून सांगा, घेऊ का नको?

---

उद्यमनगरचा_टर्नर

भावा ४२ हजार कशापायी घालवतोस? त्या मशीनमध्ये असतं काय, एक पंप, एक टाकी, दोन नळ्या आणि चार व्हॉल्व्ह. उद्यमनगरात ये, २०-२२ हजारात बनवून होतंय.

फक्त दोन गोष्टीत कंजूषपणा करू नको. पंप बिडाचा मोनोब्लॉक घेऊ नको, ॲसिड त्याला आतनं खाऊन टाकतं. पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा, मॅग्नेटिक ड्राइव्हचा घे, त्यात शाफ्टला सीलच नसतं त्यामुळं सील गळायचा विषयच नाही. दुसरं म्हंजे पाईप. बाजारात ती जाळीवाली पारदर्शक नळी मिळते, ती गरम पाण्यानं मऊ पडून क्लॅम्पमधनं सुटते. एकदा सुटली की ॲसिडचा फवारा थेट तोंडावर. चार बॉल व्हॉल्व्हची चौकट अशी जोडायची की पाईप न काढता पाणी उलट दिशेनं फिरवता आलं पाहिजे, कारण एका बाजूनं अडकलेला क्षार उलट्या धारेनंच सुटतोय.

आणि बोर्डाला ३० मिलिअँपचा आरसीसीबी लाव, करंट गळला की वीज तोडतो तो. ओल्या टेरेसवर अनवाणी उभं राहून तू पंप चालू करणार, मला माहिताय तुम्ही लोक कसं काम करता ते.

---

बंबवाली_मावशी

मी गिऱ्हाईक आहे, मशीनमधलं काही कळत नाही, पण एक सांगते. मागच्या वर्षी आमच्याकडे ताराबाई पार्कात असंच साफ करून गेले, अडीच हजार घेतले. काम चांगलं झालं, पाणी तापायला लागलं. पण टेरेसवरून ते ॲसिडचं पाणी सोडलं ते पन्हाळीतून थेट माझ्या जास्वंदीच्या मुळाशी. वीस वर्षांची जास्वंद, आठ दिवसात पानं गळून काटकी झाली. तेव्हा मशीन भाड्याचं आणा नाहीतर सोन्याचं आणा, पाणी कुठे सोडताय ते आधी बघत जा.

बाकी आमच्या मंगळवार पेठेतल्या माहेरी तांब्याचा बंब होता. त्यालाही आत असाच थर धरायचा, मग आजी झाकण काढून आतून खरवडायला आम्हा पोरांना बसवायची कारण हात आमचेच आत जायचे. त्याचं भाडं म्हणजे एक लिमलेटची गोळी.

---

पाचगावचा_सोलरवाला

@मावशी, लई वाईट झालं. पाणी सोडायच्या आधी त्यात खायचा सोडा नाहीतर धुण्याचा सोडा टाकून फसफसणं थांबेपर्यंत मारायचं असतं, मग पट्टीवर पीएच ७ च्या आसपास आला की गटारीत सोडायचं, झाडात तरीपण नाही. मी करतो हो. पण सगळेच करतात असं नाही हे खरं.

@टर्नर, भेटायला येतो. पण गॅरंटी कोण देणार, तू?

---

उद्यमनगरचा_टर्नर

गॅरंटी मीच. बिघडलं तर सायकलवरनं येऊन दुरुस्त करून जातो, कंपनीवाला पुण्यासनं येणार हाय काय?

---

भाडेवाला_शाहूपुरी

पाचगावकरांनी नाव घेतलं नाही पण शाहूपुरी म्हटल्यावर आमच्यापैकीच कोणीतरी. आमचीही बाजू ऐका की राव.

८०० रुपये जास्त वाटतात ना? मशीन परत येतं तेव्हा काय अवस्थेत येतं ते कुणी बघितलंय का. टाकीत अर्धं ॲसिड तसंच, नळीत क्षाराचा गाळ, नट गायब. एकानं टाकीचं झाकण घट्ट लावून पंप चालवला. आता क्षारावर ॲसिड पडलं की कार्बन डायऑक्साइड सुटणार हे शाळेतलं आहे, एक किलो क्षारातनं सव्वादोनशे लिटरच्या वर गॅस निघतो. झाकण उडालं ते शेजारच्या गच्चीवर, टाकीला चीर. पैसे मागितले तर म्हणतो आधीच चिरलेली होती.

आणि ज्यांना वाटतं की विकत घेतलं की सुटलो त्यांनी २०२१ च्या जुलैचा पूर आठवावा. २०१९ ला पाणी आलं तेव्हा शिकलो नव्हतो, २१ ला निदान मशीनं वर चढवली तरी दोन मोटरी गेल्याच. स्वतःचं मशीन म्हणजे ते ठेवायला कोरडी जागा, वर्षातले आठ महिने पडून राहणार त्याचं भाडं कोण धरतंय? पडून राहिलेल्या पंपात क्षार वाळला की पंप जाम. तुम्ही ८०० देता त्यात हे सगळं आमच्या डोक्यावर असतं.

डिसेंबरात मशीन मिळत नाही हे मात्र मान्य. माझ्याकडे तीन आहेत आणि थंडीत मागणारे दहा. दहा घेऊन ठेवली तर उन्हाळ्यात त्यावर पापड वाळत घालू का?

---

रंकाळ्याचा_वारा

पापड =)) +१

---

लेस्टरचा_कोल्हापूरकर

मूळचा शिवाजी पेठेतला, आता अकरा वर्षं इंग्लंडात हीटिंगचंच काम करतोय, बॉयलर आणि रेडिएटर. हा वाद इकडं पण अगदी असाच चालतो म्हणून राहवलं नाही.

इकडं घर गरम करायला बॉयलरचं पाणी पाईपातनं खोल्याखोल्यातल्या लोखंडी रेडिएटरमध्ये फिरत असतं. पाणी तेच तेच, बंद सर्किट. त्यात आतनं गंज सुटतो, मॅग्नेटाइट म्हणतात, काळा चिखल असतो, काजळ कालवल्यासारखा. तो रेडिएटरच्या बुडाला बसतो, मग रेडिएटर वर गरम आणि खाली गार. नवा बॉयलर बसवताना जुन्या पाईपात तो चिखल तसाच ठेवला तर नव्या बॉयलरच्या प्लेट एक्स्चेंजरमध्ये, म्हणजे एका पाण्याची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या अरुंद भागात, जाऊन बसतो, आणि मग कंपनी वॉरंटीला हात वर करते. त्यामुळं पॉवर फ्लशिंग करतात. मोठा पंप लावून जोरात पाणी फिरवायचं, दिशा उलटसुलट करायची, रेडिएटरला रबरी हातोड्यानं ठोकायचं, वाटेत तगडं मॅग्नेट ठेवायचं. मॅग्नेट बाहेर काढलं की त्याला काळ्या केसाळ सुरवंटासारखा गाळ चिकटलेला असतो, गिऱ्हाइकाला तो दाखवला की पैसे द्यायला कुरकुर करत नाही. बीएस ७५९३ नावाचं त्यांचं स्टँडर्ड आहे, २०१९ ला सुधारलं, त्यात साफसफाई, फिल्टर, पाण्यात इनहिबिटर म्हणजे गंज रोखणारं औषध आणि वर्षातनं एकदा पाणी तपासणं असं सगळं आलंय.

म्हणजे बघा, आमचा रोग काळा आणि तुमचा पांढरा. आमच्यात पाणी तेच राहतं म्हणून नवा क्षार नाही, पण लोखंड आहे म्हणून गंज, तुमच्यात रोज नवं पाणी येतं म्हणून रोज नवा क्षार. आमच्यात एकदा नीट साफ करून औषध टाकलं की बरीच वर्षं परत साफ करायला नको. तुमच्यात टाकीतलं पाणी बोअरचं आहे तोवर दोन वर्षांनी परत बोलावणं ठरलेलं. धंदा म्हणून तुमचा रोग चांगला :)

मी पहिली दोन वर्षं मशीन भाड्यानं आणलं मग विकत घेतलं. पैशासाठी नाही घेतलं. एकदा भाड्याचं मशीन लावलं आणि चालू केल्याबरोबर नळीतनं दुसऱ्या कुणाच्यातरी घरचा काळा चिखल माझ्या गिऱ्हाइकाच्या पाईपात गेला. बाई शेजारी उभी, सगळं बघतेय. त्या दिवशी ठरवलं. आणि नोव्हेंबरचा पहिला थंड सोमवार आला की इकडच्या भाड्याच्या दुकानात पण मशीन नसतं, ते शाहूपुरीचं दुखणं इकडं पण आहे.

---

जुना_प्लंबर_७२

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. तुम्ही सगळे मशीन घ्यावं का भाड्यानं आणावं ह्यावर भांडताय, पण पाचगावच्या पोराला आधी एक विचारा. २२ कामं म्हणतोस, त्यातली काचेच्या नळ्यावाली किती आणि तांब्याच्या पॅनेलवाली किती?

काचेची नळी खालच्या टोकाला बंद असते. आत जायला यायला तोंड एकच, वरचं. तुम्ही टाकीच्या एका पाईपातनं ॲसिड घालून दुसऱ्यातनं काढता, ते वरच्यावर टाकीतनं फिरून जातं. नळीच्या बुडाला जो पांढरा चुना साठलेला असतो तिथं धार पोचतच नाही. तो काढायचा तर नळी उपसूनच काढावी लागते. सकाळी ऊन चढायच्या आत, साबणाचं पाणी लावून, हलकं फिरवत. नळी पालथी केली की खळकन चुना खाली पडतो, दह्यासारखा. राहिलेल्याला ॲसिड भरून उभी करून ठेवायची. रबरी रिंग नवी घालायची. ह्यात मशीनचा काय संबंध? आणि रिकामी नळी उन्हात तापलेली असताना गार पाणी सोडलंत तर टचकन फुटते, हे सांगायला पण मशीन लागत नाही.

मशीनचं खरं काम तांब्याच्या पॅनेलमध्ये. त्यातले उभे पाईप बोटाएवढे, अर्ध्या इंचाचे, क्षार धरून करंगळी जाणार नाही असे होतात. तिथं फिरवल्याशिवाय गत्यंतर नाही. तसंच हीट एक्स्चेंजरची कॉइल, हॉटेलातले हीट पंप, आणि गरम पाण्याची भिंतीतली लाईन.

अजून एक, टाकीला गंज लागू नये म्हणून आत मॅग्नेशियमचा रॉड असतो, तो काढून मगच ॲसिड घाला. तो राहिला तर ॲसिड आधी त्यालाच खातं, रॉड वाया जातो आणि हायड्रोजन सुटतो. टाकीपाशी बिडी ओढणारे मी बघितलेत.

मी चाळीस वर्षात मशीन विकत घेतलं नाही. पण मी सुताच्या सायझिंगचे, गिरण्यांचे बॉयलर साफ करायची कामं कधी घेतली नाहीत, त्याचं शास्त्र आणि कायदा दोन्ही वेगळं.

---

पाचगावचा_सोलरवाला

काका, तुम्ही झोप उडवलीत. रात्री डायरी काढून बसलो. मागच्या वर्षीची २२ कामं, त्यात १३ काचेच्या नळ्यांची निघाली. खरं सांगतो, त्या १३ मधल्या निम्म्याहून जास्त ठिकाणी मी मशीन लावलं होतं आणि नळ्या पण काढल्या होत्या. म्हंजे काम झालं ते नळ्या काढल्यामुळं, आणि मशीन आपलं गिऱ्हाईकाला दिसायला. मोटर घुंई करून चालली की त्यास्नी वाटतं पैसे वसूल.

तर खरी गरज ९ कामांना. ९ ला ८०० धरले तर ७,२००, डबल दिवस धरले तर १४,४००. ४९ हजाराचं मशीन ह्यावर कधी फिटायचं.

केमिकलचा पण हिशोब केला. मी सल्फॅमिक ॲसिड वापरतो, पांढरी पावडर असते ती. एक किलो क्षार विरघळवायला जवळपास दोन किलो पावडर लागते. एका पॅनेल सिस्टिममध्ये तीन किलो क्षार असला तर सहा किलो. मी आजवर सगळीकडं अंदाजे दोन-तीन किलोच टाकत होतो, आणि फेस यायचा थांबला की "झालं साफ" म्हणत होतो. फेस थांबला म्हंजे क्षार संपला असं नव्हे, ॲसिड संपलं असंल. हे मला आठ वर्षांनी कळालं. हसू नका.

---

रिंगरोडचा_फिटर

हसत नाही, कारण माझं ह्याच्याहून वाईट झालंय.

देवळाच्या अंगाला एक लॉज आहे, यात्रेकरूंचं. नवरात्राच्या आधी त्यांची सोलरची मोठी टाकी आणि पॅनेल साफ करायला घेतली. टाकी स्टेनलेसची, ३०४ ग्रेडची. मशीन भाड्यानं आणलं, कुठनं ते सांगत नाही, शाहूपुरीतनं नव्हे एवढं नक्की. दुकानदारानं मशीनबरोबर एक निळा कॅन दिला, वर काही चिठ्ठी नाही. म्हणाला हेच घाला, सगळे हेच नेतात, पावडरीपेक्षा झटक्यात होतं. खरंच झटक्यात झालं. दीड तासात पॅनेल मोकळी, लॉजवाला खूश, मी खूश, नवरात्र जोरात गेलं.

दिवाळीनंतर फोन. टाकीला खालनं ओल येतेय. इन्सुलेशन कापून बघितलं तर वेल्डिंगच्या कडेकडेनं सुईच्या टोकाएवढी भोकं, चार ठिकाणी. एका जुन्या वेल्डरला दाखवलं, त्यानं विचारलं फरशी धुवायचं ॲसिड घातलंत काय रे? तेच होतं. हायड्रोक्लोरिक. स्टेनलेसला बाकी कशाचं नाही पण क्लोराइडचं वावडं असतं, ते वेल्डिंगच्या शेजारी जाऊन टोचून टोचून भोकं पाडतं. वरनं चकचकीत, आतनं चाळण. नव्या टाकीचे निम्मे पैसे मी दिले, तेही हप्त्यानं. दुकानदार म्हणाला मी कुठं तुम्हाला टाकीत घाला म्हटलं होतं.

तेव्हापासनं साधा नियम. सल्फॅमिक पावडरीच्या रूपात असतं, त्यात क्लोराइड नाही. कुणी बिनचिठ्ठीचं पातळ औषध दिलं आणि झाकण उघडल्यावर नाकात झणझणलं, तर परत. आणि पावडर पाण्यात टाकायची, पाणी पावडरीवर ओतायचं नाही. पाणी कोमट ठीक, पण ६० च्या वर तापलेलं नको, सल्फॅमिकचा जोर उतरतो.

त्यामुळं माझं मत, मशीन स्वतःचं पाहिजे. पैशाच्या हिशोबात बसत नसलं तरी. त्या नळीतनं काल काय गेलं हे मला माहीत पाहिजे.

---

भाडेवाला_शाहूपुरी

शाहूपुरीतनं नव्हे म्हटल्याबद्दल आभार. आम्ही केमिकल देतच नाही.

---

हिशेबनीस_ताई

मी टॅक्सचं काम बघते, थोडक्यात सांगते. पाचगावकर, तुमची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि जीएसटी नंबर घेतलेला नसेल तर ते जीएसटीचे ७,५६० तुमच्या खिशातूनच गेले, परत मिळत नाहीत. नंबर असता आणि रेग्युलर स्कीममध्ये असता तर क्रेडिट मिळालं असतं. भाडं त्या त्या वर्षी पूर्ण खर्च दाखवता येतं, मशीनचा मात्र वर्षाला १५ टक्के घसाराच धरता येतो, आणि पहिल्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर त्याच्याही निम्मा. पण तुम्ही प्रिझम्प्टिव्ह स्कीममध्ये, म्हणजे उलाढालीच्या ठराविक टक्क्यावर नफा धरून, रिटर्न भरत असाल, तुमच्यासारखे बहुतेक तेच करतात, तर हा सगळा वादच नको, त्यात खर्च वेगळे दाखवायचेच नसतात.

कर्जच काढायचं तर सरकारच्या मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतं. पण ९ कामांसाठी कर्ज काढू नका. वहिनींच्या भिशीवरही डोळा ठेवू नका.

---

कागलचा_ऊसवाला

मी ह्या धंद्यातला नव्हे, सोलर घरावर हाय म्हणून वाचत होतो. तुम्ही शहराकडची माणसं सरळ गोष्ट सोडून बसलाय. आमच्याकडं दोघाचौघांत एक बैलजोडी असायची तवा काय करत होतो? पैरा. आज माझ्या रानात, उद्या तुझ्या. अजून पाणीपुरवठा संस्थेत मोटर एकच असती आणि पाण्याची पाळी ठरल्याली असती. तीन-चार फिटर मिळून एक मशीन करा की. पैऱ्यावर चालवा.

---

रिंगरोडचा_फिटर

काका, पैऱ्यावरनं भाऊबंदकी किती झाली ते पण सांगा :)

---

कागलचा_ऊसवाला

झाल्या की. पण रानं पिकलीच न्हवं.

---

रंकाळ्याचा_वारा

विषयांतर आहे पण २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडीचं पाणी शहरात आलं, आता धरणाच्या पाण्यानं क्षार कमी होऊन हा धंदाच बसणार का?

---

जुना_प्लंबर_७२

नळाचं पाणी सोलरला जोडणारे किती ते बघा. पिण्याचं नळाचं, आंघोळीचं बोअरचं, अशी दोन टाक्यांची पद्धत सगळीकडं. बोअर आहे तोवर ह्यांची पोरं उपाशी मरत नाहीत. आणि ते टीडीएसचं पेन घेऊन फिरू नका, ते पाण्यात विरघळलेलं सगळंच एकत्र मोजतं, हार्डनेस दाखवत नाही. हार्डनेसला वेगळं थेंबाचं किट असतं. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात २०० पर्यंत चांगलं आणि दुसरा पर्यायच नसला तर ६०० पर्यंत चालेल म्हटलंय, पण ते पिण्याला. ६०० चं पाणी माणूस पितो, पॅनेलला मात्र दोन वर्षात मुतखडा होतो.

---

पाचगावचा_सोलरवाला

अपडेट देतो. सव्वा महिना झाला.

नवीन घेतलं नाही, पण भाड्यानं पण नाही. रिंगरोडवाले, मी आणि उचगावचा एक दोस्त, आम्ही तिघांनी मिळून टर्नरकडनं बनवून घेतलं. खर्च २१,६००. माणशी ७,२००. माझी वर्षाची ९ कामं, म्हंजे पहिल्याच वर्षी कामामागं ८०० पडले, भाड्याएवढेच, आणि हेलपाटा नाही. भिशीला हात लावला नाही, ताईंना सांगा.

पहिलं काम शिवाजी पेठेत मिळालं. जुना वाडा, जिना दगडी, अरुंद, वळणावर माणूस आडवा होऊन चढतो. टर्नरनं हौसेनं मशीनला चाकं लावली होती, ती काय कामाची? दोघांनी खांद्यावर घेऊन तीन मजले चढवलं, मधल्या वळणावर मशीन अडकलं ते ना वर ना खाली, घरातल्या आजी म्हणाल्या जरा तिरकं करा, आमच्या सासऱ्यांची पलंगाची पाटी पण तशीच काढली होती. तिरकं केलं, निघालं. आता टाकी आणि पंप वेगळे करता येतील अशी फ्रेम कापून घेतलीय.

पॅनेलवाली सिस्टिम होती. हेडरचं, म्हंजे उभे पाईप ज्याला जोडतात त्या आडव्या पाईपाचं टोपण काढून बघितलं तर तोंडाशीच क्षार असा दाटला होता की पेन्सिल जाईना. पावडर मोजून सहा किलो, रॉड बाहेर, झाकण सैल. पहिली वीस मिनिटं धार थेंब थेंब, मग उलटी दिशा केली आणि एकदम आतनं खडबड आवाज येऊन चुन्याचे चपटे तुकडे टाकीत पडायला लागले, नखाएवढे, एका बाजूनं तांब्याचा हिरवट रंग चिकटलेला. पोरगं बघतच राहिलं. आठ वर्षात मी असलं बघितलं नव्हतं कारण आजवर उलटं फिरवायला भाड्याच्या मशीनला व्हॉल्व्हच नव्हते.

पैऱ्याचे नियम असे केलेत. मशीनला दोरीनं एक वही बांधलीय. कोण नेलं, कुठं लावलं, काय घातलं, धुतल्यावर पीएच किती, सही. सल्फॅमिकशिवाय दुसरं काही घातलं तर भरपाई त्याची. पावसाळ्यात मशीन माझ्याकडं, कारण पाचगाव उंचावर हाय, पुराचं भ्या नाही. पडून असताना महिन्यातनं एकदा साधं पाणी फिरवायचं.

भाडेवाल्या दादांचा राग नाही. त्यांच्याकडनं ड्रिल आणि ब्रेकर अजून आणतोच.

---

भाडेवाला_शाहूपुरी

या की. ब्रेकर धुऊन परत करत जा म्हणजे झालं.

---

बंबवाली_मावशी

वहीत अजून एक रकाना घाला, पाणी कुठे सोडलं. आणि आमच्याकडे कधी येताय? नवी जास्वंद लावलीय, लांबच्या कोपऱ्यात.

---

पाचगावचा_सोलरवाला

घातला रकाना. मावशी, रविवारी सकाळी सातला येतो. @फिटर, रविवारी मशीन कुणाकडं हाय?

---

रिंगरोडचा_फिटर

माझी पाळी आहे रविवारी. पण दुपारनंतर. सकाळी ने तू, आणि मोठा पाईप तुझ्याच गाडीत राहिलाय, तो आण आधी.